तोंडातील झऱ्याचा उगम

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता नदी सुरू होते. तिच्या एका तीरावर गडचिरोलीचा मुलूख, तर दुसऱ्या बाजूच्या रानात, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूर. या तीरावर काय किंवा त्या तीरावर काय, ज्वारीची कोरडी भाकरी मनुष्य सुखाने गिळतो ती तोंडातील झऱ्याच्या बळावर. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते आणि तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. नद्यांचे उगम आपण फार पूर्वी धुंडाळले. या झऱ्याचा उगम मात्र विज्ञानाला अगदी अलीकडे, आणि तोही अवचित सापडला.

पेशीभोवतीचे पटल स्निग्ध द्रव्याचे असते. त्यातून पाणी हळूहळू झिरपत असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु लाळेसारखा वेगवान स्राव नुसत्या झिरपण्याने कसा व्हावा, ही शंका उरतच असे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे पीटर ॲग्रे हे रक्तगटाशी संबंधित प्रथिनाचा अभ्यास करीत असता एक अनोळखी प्रथिन त्यांच्या हाती लागले. ते घडविण्याची रासायनिक आज्ञा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांत घातली व ती अंडी पाण्यात सोडली. साधी अंडी होती तशीच राहिली. ही मात्र टम्म फुगून फुटली. १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्याचे दार सापडले होते! त्यास ॲक्वापोरिन हे नाव मिळाले आणि २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ॲग्रे एक मानकरी ठरले.

१९९५ साली उंदराच्या लाळग्रंथीत याच कुळातील पाचव्या क्रमांकाचे प्रथिन आढळले. ज्या उंदरांत ते मुळीच नव्हते, त्यांची लाळ निम्म्याहून अधिक घटून दाट झाल्याचे १९९९ साली दिसून आले. हे दार जन्मापूर्वीच बसू लागते. गर्भात लाळग्रंथी कोंबासारखी फुटते, तिला फांद्या येतात, त्या आतून पोकळ होतात आणि टोकाच्या पेशींत, त्या पोकळीच्या बाजूस, ही दारे उभी राहतात. पहिल्या घासाच्या कितीतरी आधी झऱ्याची तरतूद झालेली असते.

या शोधाचे मोल रुग्णाला विचारावे. तंबाखूपायी आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हापासून तेथे कर्करोगावर उपचार होत आले आहेत. परंतु डोके व मान यांवर किरणोपचार करताना लाळ निर्माण करणाऱ्या पेशीही बहुधा होरपळतात. रोगी वाचतो, पण भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नाही.

अमेरिकन संशोधकांनी यावर एक युक्ती योजिली. लाळ वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशी किरणांतून बचावतात, मात्र त्या पाणी सोडीत नाहीत. निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात पहिल्या ॲक्वापोरिनचे जनुक पोहोचविण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११ रुग्णांपैकी ६ जणांची लाळ वाढली व त्यांतील ५ जणांना आराम वाटला. संख्या लहान खरी. पण आटलेला झरा पुन्हा वाहू शकतो, एवढे तिने दाखविले. तंबाखूची चिमूट तोंडात टाकण्यापूर्वी, आईच्या उदरात आपल्यासाठी बसविलेल्या या दारांचे स्मरण व्हावे, हेच बरे.