किल्ली फिरवली, पण गाडी ढिम्म : जुन्या गाडीचा जीव नेमका कशात असतो?

आजच्या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी.

कल्पना करा, तुमच्यासमोर जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. किल्ली फिरवली. सेल्फ नाही, हॉर्न नाही, लाईट नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवासुद्धा नाही. अशा वेळी आजूबाजूचे चारही लोक एकच सल्ला देतात, "बॅटरी गेली, नवी टाक." आणि पुष्कळदा नवी बॅटरी टाकूनही गाडी तशीच उभी राहते. पैसे गेले ते गेलेच. ही गाडी टॅक्सी असेल तर दिवसाचा धंदाही बुडाला.

यावरचं उत्तर गाडीच्या इतिहासात आहे. कसं, ते बघू.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांना बॅटरीची फारशी गरजच नव्हती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये मॅग्नेटो होता. इंजिन फिरलं की चुंबक फिरणार आणि स्पार्क प्लगची वीज तिथल्या तिथे तयार होणार. समोर हँडल मारा, गाडी चालू. पण इंजिनने उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. हे बरेचदा व्हायचं.

मग आला चार्ल्स केटरिंग. हा माणूस आधी गल्ल्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण विजेवर उघडणारी छोटी मोटर त्याने तिथे बनवली होती. तेच सूत्र त्याने गाडीला लावलं : मोटर दिवसभर चालायची नाहीये, दोन-चार सेकंदच जोर लावायचाय, मग ती लहान असली तरी चालेल. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर बसला. आपले गॅरेजवाले आजही "सेल्फ मार" म्हणतात, तो सेल्फ हाच.

हात मोडायचे थांबले, पण एक अदलाबदल झाली. स्टार्टर, दिवे आणि हळूहळू प्लगची ठिणगीसुद्धा बॅटरीवर आली. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असायचा ना, तसा गाडीचा जीव एका डब्यात गेला. म्हणून अॅम्बेसेडरला हँडल मारायची सोय असली तरी वीज पूर्ण गेलेली असताना हँडलचा काही उपयोग नाही. इंजिन फिरेल, पण ठिणगी पडणार नाही.

दुसरी अदलाबदल तांब्याच्या बचतीची. प्रत्येक दिव्याला दोन वायरी कशाला? एक वायर न्यायची आणि परतीचा रस्ता म्हणून गाडीचा पत्राच वापरायचा. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. म्हणजे गाडीतली सगळी वीज शेवटी एका पट्टीतून बॅटरीकडे परत येते. ती पट्टी गंजली की सगळं एकदम बंद.

आता निदान बघा, किती सोपं होतं. एकच दिवा गेला तर फ्यूज बघायचा. सगळंच गेलं, तर सगळे रस्ते जिथे एकत्र येतात तिथे बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत सेल्फ आणि इग्निशनला फ्यूज नसतोच, त्यामुळे आधी फ्यूज बॉक्स उघडण्यात अर्थ नाही.

पहिलं, मल्टिमीटर बॅटरीला लावा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

दुसरं, व्होल्टेज ठीक असेल तर टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर घासून साफ करा, घट्ट करा. इथे साधं गणित आहे. सेल्फ १०० अँपियरहून जास्त ओढू शकतो. टर्मिनलवर फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल, तर १०० अँपियरला १० व्होल्ट तिथेच खर्ची पडायला हवेत. मग सेल्फला उरलं काय? म्हणूनच कधी कधी आतला छोटा दिवा लागतो आणि किल्ली फिरवताच सगळं विझतं.

तिसरं, हेडलाईटचा स्विच चालू ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्यावर. शून्याच्या जवळ आकडा आला तर अर्थिंग ठीक. १२ च्या आसपास आला, तर चोर सापडला : पट्टी तुटलीय किंवा गंजलीय.

चौथं, तीही ठीक असेल तर पॉझिटिव्हची मुख्य वायर पकडा. मधोमध तपासा. वीज आहे? मग बिघाड पुढे. नाही? मग मागे. कोडिंगवाल्यांनो, ही तुमची बायनरी सर्चच आहे.

काम करताना अंगठी-कडं काढून ठेवा, बॅटरीजवळ आग नको, आणि काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

आणि धक्का मारून? जुन्या डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यामुळे बॅटरी नसली तरी जोरात फिरवल्यावर तो वीज देऊ शकतो. १९६० च्या व्हॅलियंट मोटारीपासून रुळलेल्या अल्टरनेटरला मात्र सुरुवातीला बॅटरीचीच वीज लागते. बॅटरी ठार मेलेली असेल, तर अख्खी सोसायटी धक्का मारू दे, उपयोग होईलच असं नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्यात बनलेली ही पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. तिची नस ओळखणारे मिस्त्रीही आता कमी होत चाललेत. तुमच्या आजोबांची एखादी गाडी कव्हरखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी ती अर्थिंगची पट्टी एकदा बघा. आणि काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!