संभाव्यतेचे दोन पंथ

एक नाणें १०० वेळां उडविलें आणि त्यांत ६१ वेळां छापा पडला, तर तें नाणें खोटें म्हणावें काय? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु नव्या औषधानें रोगी बरे झाले कीं आपोआपच बरे झाले, अमुक खतानें पीक वाढलें कीं त्या वर्षीं पाऊसच चांगला झाला होता, हे सर्व प्रश्न मुळांत याच जातीचे आहेत. त्यांचीं उत्तरें देणें हें संख्याशास्त्राचें काम. आणि मौज अशी कीं, या एवढ्याशा प्रश्नाला त्या शास्त्रांत एक उत्तर नाहीं, दोन आहेत. उत्तरें देणारे पंथहि दोन आहेत.

पहिला पंथ वयानें वडील. इंग्लंडांतील टनब्रिज वेल्स या गांवीं टॉमस बेझ नांवाचा एक धर्मोपदेशक होता. तो १७६१ सालीं वारला. त्याच्या कागदपत्रांत सांपडलेला एक निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें १७६३ सालीं रॉयल सोसायटीपुढें ठेवला. पुरावा हातीं येण्यापूर्वीं एखाद्या गोष्टीवर जेवढा विश्वास असेल, तो पुरावा पाहिल्यानंतर किती वाढावा अथवा किती घटावा, याचें गणित त्या निबंधांत मांडलेलें होतें. पुढें फ्रान्समध्यें लाप्लास यानें १७७४ सालीं हाच विचार स्वतंत्रपणें मांडून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पॅरिस शहरांत १७४५ ते १७७० या काळांत २,५१,५२७ मुलगे व २,४१,९४५ मुली जन्मल्याची नोंद होती. तेवढ्यावरून, मुलगा जन्मण्याचा संभव निम्म्याहून अधिक आहे ही गोष्ट जवळजवळ निश्चित ठरते, असें त्यानें सिद्ध करून दाखविलें.

परंतु या रीतींत एक दुखरें ठिकाण होतें. पुराव्यापूर्वींचा विश्वास आणावयाचा कोठून? कांहींच ठाऊक नसेल तर सर्व शक्यता समान धराव्या, असें लाप्लासचें म्हणणें; आणि अज्ञानालाच ज्ञानाचा पोशाख चढविण्याची ही युक्ति एकोणिसाव्या शतकांतील टीकाकारांना रुचेनाशी झाली.

दुसऱ्या पंथाचे अध्वर्यु रोनाल्ड फिशर. १९१९ पासून ते रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रांत काम करीत होते. शेतांतील वाफे, खतें व उत्पन्नाचे आंकडे यांच्याशीं रोजचा संबंध असलेल्या या बुद्धिमान् गृहस्थांना पूर्वविश्वासाची भानगडच नको होती. त्यांची रीत अशी: प्रथम नाणें खरें आहे असें धरून चालावें, मग हातीं आलेल्या निकालाइतका किंवा त्याहूनहि विलक्षण निकाल निव्वळ योगायोगानें येण्याचा संभव किती, तें काढावें. या संभवाला पी-मूल्य म्हणतात. तें विसांत एकाहून, म्हणजे ०.०५ हून, कमी भरलें तर मूळ गृहीतावर संशय घेण्यास जागा झाली. ही विसांत एकाची मर्यादा फिशर यांनीं १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत सोईची म्हणून सुचविली होती. पुढें ती वेदवाक्य होऊन बसली. १९३५ सालच्या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथांतील चहाची कथा तर सुप्रसिद्धच आहे. दूध आधीं ओतलें कीं चहा आधीं ओतला, हें चवीवरून ओळखीन असें म्हणणाऱ्या एका बाईंपुढें ८ पेले ठेवावयाचे, त्यांपैकीं ४ एका रीतीचे व ४ दुसऱ्या रीतीचे. ते चार निवडण्याच्या रीति ७०. तेव्हां सर्व पेले नुसत्या अंदाजानें अचूक ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक.

फिशर यांच्या यशाचें एक कारण त्यांच्या तर्काइतकेंच त्यांच्या पुस्तकांतील कोष्टकांत होतें. पेन्सिल, कागद आणि कोष्टक एवढ्या सामुग्रीवर शेतकी खात्यांतील माणूसहि निर्णय घेऊं शकत असे. १९३३ सालीं नेमन व एगॉन पिअर्सन यांनीं या परीक्षांना निराळाच पाया घातला. त्यांचें व फिशर यांचें कधीं पटलें नाहीं. परंतु पाठ्यपुस्तककारांनीं दोघांचीं मतें एकत्र कालवून ‘अभिजात संख्याशास्त्र’ म्हणून विद्यार्थ्यांच्या पानांत वाढलीं, आणि त्यांत भांडण आहे हें बहुतेकांना कळलेंहि नाहीं.

या वाढत्या प्रवाहाविरुद्ध उभे राहिलेले केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज (१८९१–१९८९) हे मूळचे भूशास्त्राचे गणिती. पृथ्वीचा गाभा द्रवरूप असला पाहिजे, हें त्यांनीं १९२६ सालीं दाखविलें. भूकंप कांहीं खताच्या वाफ्यासारखा हवा तेव्हां पुन्हा करून पाहतां येत नाहीं. जे धक्के बसले त्यांच्याच नोंदींवरून निरनिराळ्या उपपत्तींपैकीं अधिक संभाव्य कोणती हें ठरवावें लागतें. म्हणून जेफ्रीज बेझच्या मार्गाकडे वळले. १९३२ ते १९३४ या काळांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचा व फिशर यांचा वाद रंगला, आणि १९३९ सालीं जेफ्रीज यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांचा मुख्य आक्षेप नाण्याच्या उदाहरणानें चांगला समजतो. ६१ छापे पडले असतां पी-मूल्य सुमारें ०.०३५ येतें, म्हणजे फिशरपंथी मर्यादेप्रमाणें नाणें संशयास्पद. परंतु या आंकड्यांत ६२, ६३ पासून १०० पर्यंतचे, आणि उलट बाजूनें ३९ व त्याखालचे, असे कधीं न घडलेले निकालहि मिसळलेले असतात. न घडलेल्या गोष्टींच्या साक्षीवरून आरोपीला दोषी कां ठरवावें? जेफ्रीज विचारतात तें एवढेंच कीं, जें घडलें तें कोणत्या कल्पनेला अधिक अनुकूल आहे? नाणें खरें असेल तर बरोबर ६१ छापे पडण्याचा संभव सुमारें १४१ त एक. नाणें खोटें असून त्याचा कल कितीहि असूं शकेल असें धरलें, तर ० पासून १०० पर्यंतची प्रत्येक संख्या सारखीच संभवनीय, म्हणजे १०१ त एक. या दोहोंचें प्रमाण, ज्याला बेझ-गुणक म्हणतात, अवघें १.३९ भरतें. जेफ्रीज यांच्या मोजपट्टीवर तीनच्या खालचा पुरावा उल्लेख करण्याच्या लायकीचाहि नसतो. नाणें तेंच, छापे तेच. एक पंथ संशय घेतो, दुसरा खांदे उडवितो.

त्या काळीं जेफ्रीज यांना अनुयायी फार थोडे मिळाले. त्या थोड्यांत कोल्हापुरास जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार हे एक होते. त्यांनीं केंब्रिजला जेफ्रीज यांच्या हाताखालीं संशोधन केलें आणि १९५३ सालीं पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्र विभागाची स्थापना केली. फिशर यांच्या कीर्तीनें भारलेल्या त्या काळांत पुण्याच्या विभागाचें नातें असें थेट जेफ्रीज यांच्याशीं जडलें होतें.

बेझच्या पंथाचा पराभव तर्कानें झाला, असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. तो बव्हंशीं हिशेबाच्या कष्टांनीं झाला. नाण्याचें गणित कागदावर सुटतें. परंतु दहा-वीस अज्ञात राशि असल्या म्हणजे त्यांवरील समाकलनें कोणाच्याहि हातून सुटत नसत. या अडचणीवरची युक्ति १९५३ सालीं लॉस अलामोस येथें सांपडली होती, पण ती पदार्थविज्ञानांत. यदृच्छेनें पावलें टाकीत शक्यतांच्या प्रदेशांत यंत्राला हिंडूं द्यावें आणि तें कोठें किती वेळ रेंगाळतें यावरून उत्तर काढावें, असें तिचें स्वरूप. संख्याशास्त्रज्ञांना तिचें पूर्ण महत्त्व पटलें तें १९९० च्या सुमारास, गेल्फंड व स्मिथ यांच्या लेखानंतर. केंब्रिजलाच १९८९ सालीं ‘बग्ज’ नांवाच्या बेझपंथी सॉफ्टवेअरचें काम सुरू झालें. परंतु तें वापरावयाचें तर गणिताचें प्रतिरूप आपल्या हातानें लिहावें लागे.

उलट अभिजात पंथाला यंत्रयुगांतहि सोईचा आधार मिळाला. १९६८ सालीं निघालेलें ‘एसपीएसएस’ पुढें मानसशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचें नित्याचें साधन झालें. बटण दाबलें कीं पी-मूल्य हजर. बेझची रीत त्यांत येण्यास २०१७ साल उजाडलें. किंमतहि अशी कीं, ज्या संस्थेनें परवाना घेतला नाहीं तेथील विद्यार्थ्यानें काय करावें हा प्रश्नच होता. न्यूझीलंडांतील ऑकलंड येथें ईहाका व जेंटलमन यांनीं रचलेली ‘आर’ ही भाषा १९९५ पासून सर्वांना मोफत व मुक्त झाली खरी, पण आज्ञा लिहिण्याचें ज्याला भय वाटतें त्याला ती परकीच राहिली.

अशा स्थितींत २०११ सालीं एक विलक्षण प्रकरण घडलें. कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनीं, मनुष्याला पुढें घडणाऱ्या गोष्टींची चाहूल लागते असें सुचविणारे ९ प्रयोग मानसशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकांत प्रसिद्ध केले. एक हजाराहून अधिक माणसें, आणि ९ पैकीं ८ प्रयोगांत पी-मूल्य मर्यादेच्या आंत! रीत सर्वमान्य, निष्कर्ष मात्र ज्योतिषाचा. ॲम्स्टरडॅमचे एरिक-यान वाखेनमाकर्स व त्यांचे सहकारी यांनीं त्याच नियतकालिकांत तेच आंकडे जेफ्रीज यांच्या रीतीनें तपासले, तेव्हां पुरावा दुबळा, किंबहुना कांहीं ठिकाणीं उलट बाजूचा निघाला. पुढें २०१५ सालीं मानसशास्त्रांतील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यांत आले. मूळच्या अभ्यासांपैकीं ९७ टक्क्यांचे निकाल मर्यादेच्या आंतले होते. पुनरावृत्तींत हें प्रमाण ३६ टक्क्यांवर आलें.

याच वाखेनमाकर्स यांच्या मंडळानें ॲम्स्टरडॅम विद्यापीठांत ‘जास्प’ तयार केलें. ‘जेफ्रीज यांचें अद्भुत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर’ अशा अर्थाच्या इंग्रजी नांवाचीं तीं आद्याक्षरें. तें फुकट मिळतें आणि त्याची आंतील घडण कोणालाहि पाहतां येते. हिशेब पाठीमागें ‘आर’ करते. पुढें विद्यार्थ्यानें आंकड्यांचा तक्ता उघडावयाचा, हवे ते स्तंभ निवडावयाचे, आणि कोष्टक तत्काळ बाजूला उमटतें. आंकडे, निवड व निकाल एकाच फाईलींत राहत असल्यामुळें दुसऱ्या कोणालाहि ती उघडून, आधीं काय केलें तें तपासतां येतें. या मंडळांतील कांहीं जणांनीं पुढें ‘जॅमोव्ही’ हें वेगळें सॉफ्टवेअर काढलें. तेंहि मोफतच आहे.

सोईबरोबर धोकाहि येतो, हें येथें सांगितलें पाहिजे. नाण्याचें उदाहरण जास्पमध्यें घातलें तर ०.०३५ व १.३९ हे दोन्ही आंकडे मिळतात; पण १.३९ हा आंकडा ‘कल कितीहि असूं शकेल’ या पूर्वविश्वासावर उभा आहे. कोणी हट्टानें, कल असलाच तर बरोबर शेंकडा ६१ असाच, असें धरलें तर तेंच प्रमाण ११ च्या वर जातें. निकाल पाहून मग पूर्वविश्वास निवडणारा आणि पी-मूल्य मर्यादेच्या आंत येईपर्यंत नाणें उडवीत राहणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी. यासाठींच जास्पमध्यें पूर्वविश्वास बदलतांच गुणक किती हलतो, याचा आलेख काढण्याची सोय अनेक परीक्षांत ठेविलेली आहे. ती खूण करावयाची कीं नाहीं, हें अर्थात् वापरणाऱ्यावर अवलंबून.

डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेंतील गॉसेट यांनीं १९०८ सालीं ‘स्टुडंट’ या टोपणनांवानें मांडलेली टी-परीक्षा आजहि विद्यार्थी सर्वप्रथम शिकतात. जास्पमध्यें तिची यादी उघडली म्हणजे ती दोन भागांत दिसते: एक अभिजात, दुसरा बेझपंथी. सॉफ्टवेअरला नांव जेफ्रीज यांचें असलें, तरी यादींत वरची जागा अजून अभिजात पंथालाच आहे.