सोंगांच्या नगऱ्या व त्यांची पारख

खेळणें विकत घेणें निराळें आणि गांवांत बिऱ्हाड करणें निराळें. ज्यांस ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात, ते दिसावयास खेळण्यांसारखे असले तरी जातीनें गांवासारखे आहेत. खेळणारा एखादें सोंग घेऊन तेथें वसतो, शेजारी जोडतो, द्रव्य सांठवितो आणि पुष्कळदां वर्षानुवर्षें तेथेंच रमतो. म्हणून घरांतील तरुण मंडळी ‘कोणता खेळ चांगला?’ असें विचारूं लागली म्हणजे चित्रांच्या झगमगाटाकडे बोट दाखविणें पुरेसें नाहीं. या नगऱ्यांचा इतिहास अर्ध्या शतकाच्या घरांत आला आहे, व पारखीचीं मापें त्यांतच सांपडतात.

या परंपरेचें मूळ टेबलाभोवतीं बसून खेळावयाच्या एका खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें योद्धा, मांत्रिक अशी एखादी भूमिका घ्यावयाची, एकानें कथासूत्र चालवून निवाडा करावयाचा, आणि यशापयश फांशांवर सोंपवावयाचें. चार वर्षांनीं, १९७८ सालीं, इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें ‘मड’ नांवाचा खेळ संगणकावर रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल यानें तो वाढविला. पडद्यावर चित्र एकही नसे. दालनें, वाटा, खजिने, सारें कांहीं शब्दांत. परंतु अनेक जण एकाच वेळीं एकाच जगांत वावरूं शकत, ही त्याची खरी नवलाई होती.

खेळाडूंच्या स्वभावांचें प्रसिद्ध वर्गीकरणही बार्टल यानेंच १९९६ सालीं मांडलें. कोणी पद व संपत्ति मिळविण्यास येतो, कोणी अज्ञात कोपरे धुंडाळण्यास, कोणी गप्पागोष्टींस, तर कोणी इतरांवर कुरघोडी करण्यास. निवडीचें पहिलें माप हेंच होय: आपण यांपैकीं कोण, आणि त्या नगरींत आपल्या स्वभावाचीं माणसें नांदतात कीं नाहीं?

दुसरें माप शासनाचें. १९९७ सालीं रिचर्ड गॅरियट व त्याचे सहकारी यांनीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ लोकांस खुला केला. वनांत भक्ष्य व भक्षक यांचा समतोल राखावा अशी त्यांची योजना होती. पण खेळाडूंनीं सारेच प्राणी इतक्या झपाट्यानें मारिले कीं ती सोडून द्यावी लागली. त्याच वर्षीं ऑगस्टांत, चांचणी चालू असतां, एका खेळाडूनें खुद्द गॅरियटच्या सोंगाचा, म्हणजे ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाचा, अग्निमंत्रानें वध केला. जेथें राजाच सुरक्षित नव्हता, तेथें नवख्यांची काय कथा? नगराबाहेर पाऊल टाकितांच ते लुटले जात. अखेर २००० सालीं जगाचे दोन भाग करून एकांत परस्परहत्येस बंदी करणें प्राप्त झालें. शांतता आली, पण धोक्याबरोबर थरारही गेला, ही जुन्या मंडळींची तक्रार कायम राहिली. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. आपणांस काय मानवेल हें प्रत्येकानें आधींच ठरवावें.

तिसरें माप काळाचें व पैशाचें. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्यें बलाढ्य राक्षसांशीं एकट्यानें झुंजणें अशक्यप्राय असे. सोबती लागत, सोबत्यांबरोबर स्नेह जडे, आणि स्नेहाबरोबर बांधिलकी येई. ‘आज मी आलों नाहीं तर बाकीचे खोळंबतील’ या जाणिवेनें कित्येक रात्री गेल्या. २००४ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० सालीं एक कोटि वीस लक्षांवर गेले. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या अनावर व्यसनास रोगांच्या वर्गीकरणांत स्थान दिलें. वर्गणीच्या या पद्धतींत निदान खर्च ठरलेला असे. पुढें ‘फुकट’ खेळ आले, व त्यांपैकीं अनेकांत आंत काय आहे हें न सांगतां पेट्या विकण्याची युक्ति निघाली. २०१८ सालीं बेल्जियमच्या नियामक मंडळानें कांहीं खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्याविरुद्ध ठरविल्या. फुकटाची किंमत आधीं विचारावी, तें याचसाठीं.

चौथें माप आयुष्याचें, आणि तें बहुधा कोणी लावीत नाहीं. २००४ सालीं वसलेली ‘सिटी ऑफ हीरोज’ ही नगरी खेळाडूंच्या विनवण्या न मानतां मालक कंपनीनें २०१२ सालीं बंद केली. आठ वर्षांचा संसार एका रात्रींत उठला. खेळाडूंनीं मात्र तिची प्रत जतन केली, आणि २०२४ सालीं त्यांच्या एका मंडळीस कंपनीनें रीतसर परवानगी दिली. उलट ‘रूनस्केप’च्या चालकांनीं २०१३ सालीं मत घेऊन खेळाचें २००७ सालचें जुनें रूप पुन्हां उघडलें, व पुढील मोठे फेरफारही मतास टाकण्याचा प्रघात पाडला. जेथें रहिवाशांचें म्हणणें ऐकिलें जातें, तेथें बिऱ्हाड करणें अधिक शहाणपणाचें.

चित्रें जुनीं होतात, मंत्रतंत्र विसरले जातात. रात्रीं सोबत लढलेला, तोंड कधीं न पाहिलेला सोबती मात्र आठवणींत राहतो. म्हणून तरुणांनीं खेळ निवडतांना एवढें पाहावें: तेथें सोबत चांगली आहे काय, राज्य न्यायाचें आहे काय, आणि हवें तेव्हां सोंग उतरवून घरीं परत येतां येतें काय? या तिहींचें उत्तर होकारार्थी असेल तर वडील मंडळींनींही विरोध करूं नये.