तुळई उभी ठेवा

सन 1890, पौषातली सकाळ. तुम्ही आरमोरीत आहात, पण गडचिरोली जिल्हा अजून जन्मायचा आहे. हा मध्य प्रांतातला चांदा जिल्हा. धान घरात आलंय, वैनगंगा उतरलीय, म्हणजे घरं बांधायचे दिवस. मालगुजाराच्या आवारात सागाचा ओंडका पडलाय. त्याच्या कापल्या तोंडापाशी वाढई गेरूची दोरी घेऊन बसलाय.

"चौरस काढू का जी?" तो विचारतो.

थांबवा त्याला. ओंडक्याचा व्यास 12 तसू. चौरस काढला तर साडेआठ तसूंची बाजू मिळेल. त्यापेक्षा व्यासाची रेघ मारा, तिचे तीन सारखे भाग करा. एका खुणेवरून काटकोनात वर, दुसरीवरून खाली, सालीपर्यंत रेघ न्या. ही दोन टोकं व्यासाच्या टोकांना जोडा. सुमारे 7 तसू रुंद आणि 10 तसू उंच तुळई निघते. लाकूड चौरसापेक्षा थोडं कमी, ताकद मात्र 9 टक्के जास्त! गोल बल्ली न तासताच घातली तर ती याहूनही दणकट. गरिबाच्या छपराला तीच शहाणी. पण माडीच्या फळ्या गोलावर नीट बसत नाहीत.

वाढई हसतो. दोन दगडांवर 4 बाय 2 तसूंची दांडी आडवी टाकून तुम्हाला म्हणतो, "चढा जी." ती लवते. मग तीच दांडी तो उभ्या कडेवर ठेवतो, दोन्ही टोकं धरून. आता वाक चौथ्या हिश्शावर येतो, आणि मोडायला दुप्पट भार लागतो. हिशेब तुमच्याकडे असेल. हात त्याचे आहेत, आणि मला त्या हातांचा फार आदर वाटतो.

आता नजर लाकडाच्या आत न्या. वरचे तंतू दाबले जातायत, खालचे ताणले जातायत, मधल्या थराला दोन्हीची फारशी झळ नाही. उंची वाढली की राबणारे तंतू मध्यापासून लांब जातात, म्हणून वाकण्याविरुद्धचा जोर उंचीच्या घनाने वाढतो, रुंदीच्या नुसत्या पटीने. उभी फळी जास्त भार पेलते, हे गॅलिलिओने 1638च्या ग्रंथात मांडलं. मधला थर मात्र त्याच्या हिशेबातून निसटला होता. तो थर ओळखल्यावरच गर्डर घडला: वर-खाली जाड पट्टी, मध्ये पातळ पत्रा.

परत आजच्या आरमोरीत या. टिनाच्या शेडसाठी कुणी दांड्या आडव्या टाकत असेल तर उभ्या करायला सांगा. गाळा दुप्पट केला तर मधल्या त्याच भाराने वाक आठपट होतो, हेही सांगा. आणि उभी दांडी बाजूला कलंडू पाहते; तिची टोकं भिंतीत पक्की धरायला हवीत.