४१४१ म्हणजे दादा

आपल्या गाड्यांची आत्ताची नंबरपद्धत १९८९ सालची. त्या वर्षी १ जुलैला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि जुने तीन अक्षरी नंबर जाऊन राज्य, आरटीओ, मालिका, आकडा अशी उतरंड आली. एमएच १२ म्हटलं की पुणे, १४ म्हटलं की पिंपरी-चिंचवड. मालिकेत आय आणि ओ वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून! तरी दोन अक्षरी मालिकेत २४ × २४ × ९९९९, म्हणजे एकेका आरटीओला साडेसत्तावन्न लाख नंबर. डेटाबेसवाले खूष.

पण आपली जनता काय चीज आहे! ४१४१ चे आकडे जरा वळवले की 'दादा', २१४ चा 'राम', ८०५५ चा इंग्रजी 'बॉस'. आता असली गाडी कुणाला उडवून पळाली, तर बघणाऱ्याने पोलिसांना सांगायचं काय? "साहेब, दादा होता"?

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची झाली. ठरलेली अक्षरं, होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, काढायला गेलं की तुटणारं लॉक. ४१४१ अजूनही मिळतो हं, जादा फी भरून. फक्त पाटीवर तो ४१४१ असाच दिसतो.