मनाची रोजकीर्द

घरातल्या बाईला लिहिता येत नव्हतं. पण दिवसभरात हातून एखादं चांगलं काम झालं, दारी आलेल्या गरिबाला जेवू घातलं, बाजारात मरणाच्या वाटेवरचा एखादा जीव विकत घेऊन सोडून दिला, की ती हंसाच्या पिसाची पोकळ नळी लाल रंगात बुडवून पंचांगावर त्या दिवसापुढे एक गोल ठसा उठवायची. एखाद्या दिवशी दहाबारा गोल व्हायचे. ही सोळाव्या शतकातल्या मिंगकालीन चीनमधली गोष्ट. तिचा नवरा युआन हुआंग शिकलेला होता, तो आपल्या कामांची नोंद शाईने करायचा. उतारवयात मुलासाठी त्याने शिकवणीचं पुस्तक लिहिलं आणि त्यात बायकोचे हे लाल गोल आवर्जून नोंदवून ठेवले.

युआन हुआंगला तरुणपणी एका ज्योतिष्याने सांगितलं होतं, की तू त्रेपन्नाव्या वर्षी मरशील, तुला मुलगा होणार नाही आणि सर्वोच्च सरकारी परीक्षाही तू पास होणार नाहीस. पहिली काही भाकितं तंतोतंत खरी ठरली, तसा तो हातपाय गाळून बसला. 1569 साली नानजिंगजवळच्या छीशिया मठात युंगू नावाच्या भिक्षूने त्याला सांगितलं, की नशीब माणूस स्वतः घडवतो. आणि हातात एक वही दिली. चांगल्या कामाची जमा, वाईटाची वजावट. युआनने तीन हजार सत्कृत्यांचा संकल्प सोडला. तो फिटायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. मग मुलासाठी आणखी तीन हजार. 1581 साली मुलगा झाला. मग सर्वोच्च परीक्षेसाठी दहा हजार. 1586 साली तो ती पास झाला आणि पाओती इथे दंडाधिकारी म्हणून गेला. तिथे बायको काळजीत पडली: सरकारी वाड्यात राहून दहा हजार कामं होणार कशी? त्याच रात्री त्याच्या स्वप्नात एक देव आला आणि म्हणाला, की तू शेतसारा कमी केलास त्या एका कामातच दहा हजार भरले. सारा त्याने खरोखरच जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरवला होता.

अशा वह्या चीनमध्ये जुन्या. हाती असलेली सर्वांत जुनी 1171 सालची, ताओपंथीयांची. कोणत्या कामाला किती गुण, कोणत्या चुकीला किती वजा, याचे दरच त्यात ठरलेले असत. युआनच्या वहीत एका माणसाला मृत्यूतून वाचवलं तर शंभर. व्यापारउदीम भरभराटीला आलेल्या त्या काळात ही पद्धत लोकांच्या लगेच पचनी पडली. जमाखर्च तर घरोघरी होताच.

कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विद्वानांना मात्र ती खटकली, आणि त्याचं कारण दडलंय एका अक्षरात. ते अक्षर म्हणजे ‘छंग’. त्याची डावी बाजू म्हणजे ‘बोलणं’, उजवी म्हणजे ‘पूर्ण होणं’. आपण त्याला सचोटी म्हणू, खरेपणा म्हणू, पण दोन्ही शब्द थोडे तोकडे पडतात. ‘महाविद्या’ या छोट्या प्राचीन ग्रंथात त्याचा अर्थ अगदी घरगुती करून सांगितलाय: घाण वास आला की नाक आपोआप मुरडतं, सुंदर काही दिसलं की मन आपोआप ओढलं जातं; वाईटाचा वीट आणि चांगल्याची ओढ तशीच असावी, आतून, न ठरवता. म्हणून खरी परीक्षा माणूस एकटा असताना. जवळ कोणी नसताना मनात काय उठतं, यावर नजर ठेवायची. कन्फ्यूशियसचा शिष्य झंगत्स रोज तीन गोष्टी स्वतःला विचारत असे: दुसऱ्याचं काम मनापासून केलं का, मित्राशी विश्वासाने वागलो का, गुरूने शिकवलेलं आचरणात आणलं का.

बाराव्या शतकात झू शी या पंडिताने ‘महाविद्या’ला चार मूळ ग्रंथांत मानाचं पान दिलं. 1200 साली तो वारला, त्याच्या तीनच दिवस आधी तो याच ग्रंथातल्या ‘मनोभाव खरा करणं’ या प्रकरणावरचं आपलं भाष्य दुरुस्त करत होता. आयुष्यभर शिकवलेल्या विषयावर त्याला अजून नेमका शब्द सापडलेला नव्हता. पुढे 1313 साली हे चार ग्रंथ सरकारी परीक्षेला लागले आणि 1905 साली परीक्षाच बंद होईपर्यंत नोकरीसाठी धडपडणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी खरेपणावरची वाक्यं घोकून पाठ केली. या परंपरेची सगळ्यांत मोठी जखम हीच, असं वाटतं. खरेपणाला गुण मिळू लागले की तो खरा राहणं फार कठीण.

झू शीच्याही आधीच्या सिमा ग्वांगची गोष्ट या घोकंपट्टीहून कितीतरी जिवंत आहे. पाचसहा वर्षांचा असताना तो हिरव्या अक्रोडांशी खेळत होता. बहिणीला साल निघेना, ती निघून गेली. मग एका दासीने गरम पाण्यात घालून साल काढून दिली. बहीण परत आली, कोणी काढली म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, “मीच.” वडिलांनी सगळं पाहिलं होतं, त्यांनी झापलं. तेव्हापासून खोटं बोलायची हिंमत झाली नाही, असं या माणसाने पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. तो मोठा इतिहासकार झाला, प्रधान झाला. ल्यू आनशी या शिष्याने आयुष्यभर पुरेल असा एक शब्द मागितला, तेव्हा त्याने दिला तोच शब्द: छंग. सुरुवात कुठून करू? खोटं न बोलण्यापासून. ऐकायला सोपं वाटलं, पण बोलणं आणि वागणं जुळायला ल्यूला सात वर्षं लागली.

सतराव्या शतकात शाओशिंगमध्ये शिकवणाऱ्या ल्यू झोंगझोऊचा वहीवरचा आक्षेप इथूनच येतो. पुण्याची जमा मांडणारा माणूस फळावर डोळा ठेवून चांगलं वागतो, म्हणजे मुळातच खोटा पडतो. 1634 साली त्याने स्वतःची पुस्तिका लिहिली. तिच्यात जमेची बाजूच नाही, फक्त दोष. कृतीतले दोष नंतरचे. सुरुवात मनात धड उमटलेल्याही नसतात अशा सूक्ष्म दोषांपासून. त्यासाठी त्याने एक विधी सांगितला. पहाट उलटल्यावर स्वच्छ चौरंगावर एक उदबत्ती आणि पाण्याचं एक भांडं ठेवायचं. समोर गवती आसन. नमस्कार करून मांडी घालायची, श्वास आवरायचा आणि आपणच आपल्यावर फिर्याद लावायची. आरोपीही आपण, कबुलीही आपलीच. काहींना यात बौद्ध ध्यानाचा वास आला. ल्यू मागे हटला नाही. 1645 साली मांचू फौजांनी हांगझोऊ घेतलं, तेव्हा नव्या राजवटीत जगायचं नाही म्हणून त्याने अन्न सोडलं आणि सुमारे वीस दिवसांनी प्राण ठेवला.

तत्त्व म्हणून ल्यू झोंगझोऊचं म्हणणं बिनतोड आहे. पण पंचांगावर गोल उठवणाऱ्या त्या बाईला सौदेबाज म्हणायला जीभ रेटत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाला स्वतःकडे बघायची दुसरी वाट कोणती होती?

लिहिणाऱ्यांची वाट पुढे रोजनिशीची झाली. 1664 पासून यान युआन नावाचा उत्तरेकडचा शिक्षक दिवसभराच्या मनाचा हिशेब वर्तुळांत ठेवू लागला: मन ठिकाणावर असेल तर पांढरं, नसेल तर काळं, राग आला किंवा जास्त बोललो तर वेगळी खूण. त्याचा मित्रही रोजनिशी लिहायचा. ठरलेल्या दिवशी भेटून दोघे एकमेकांच्या चुका दाखवायचे.

1842 साली पेइचिंगमधला तिशीतला अधिकारी झंग ग्वोफान याच वाटेला लागला. ज्येष्ठ स्नेही वोरन याच्याकडून त्याने धडा घेतला. घोटीव अक्षरात लिहायचं, मित्रांना वाचायला द्यायचं, त्यांनी शेरे मारायचे. पहिल्याच महिन्यात तो लिहितो, की स्वप्नात दुसऱ्या कोणाला पैशाचा लाभ झालेला पाहिला आणि हेवा वाटला. स्वप्नातसुद्धा हे, मग जागेपणी काय! त्याने स्वतःला कडक शब्दांत फटकारलं. आणि त्याच दिवशी जेवणावळीत कोणाच्या तरी मिळकतीची गोष्ट निघाली, तर मन पुन्हा हललं. तेही लिहिलं. काही दिवसांनी तंबाखूने डोकं सुस्तावतं म्हणून त्याने चिलीम मोडून टाकली आणि पुन्हा ओढणार नाही अशी शपथ घेतली. तंबाखू सुटली. वेइची हा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ मात्र सुटला नाही. पुढे ताइपिंग बंडाविरुद्ध सैन्य चालवतानाही, प्रांताधिपती झाल्यावरही, रोजनिशीत त्याच्या डावांच्या नोंदी येतच राहतात.

झंग ग्वोफान मार्च 1872 मध्ये वारला. आदल्या दिवसापर्यंतची नोंद त्याने केलेली आहे. 1909 साली ही रोजनिशी त्याच्याच हस्ताक्षरात छापून निघाली.