केराटोकोनसच्या रुग्णांना कठीण कॉन्टॅक्ट लेन्स कशी बसवतात?

शाळा-महाविद्यालयाच्या वयात चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरका नंबर, वारंवार बदलू लागला आणि नवा चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसत राहिली, तर दोष चष्म्यात नसून कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलात, असण्याची शक्यता असते. केराटोकोनस या विकारात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात होते आणि तो तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो. शिक्षण आणि नोकरीच्या उमेदीच्या वर्षांतच दृष्टी ढासळते, हे त्याचे गांभीर्य.

भारतात हा विकार दुर्मीळ म्हणता येत नाही. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत कॉर्नियाची शक्ती ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक असणे हा निकष लावण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे प्रमाण २.३ टक्के होते. हा निकष केवळ वक्रतेवर आधारलेला होता, हे ध्यानात घ्यावे लागते.

चष्मा का अपुरा पडतो?

चष्म्याची काच ठरावीक, नियमित वक्रतेचा दोष दूर करते. शंकूसारख्या कॉर्नियाचा पृष्ठभाग मात्र ओबडधोबड असतो. मऊ लेन्स त्याच आकारावर बेतली जाते, त्यामुळे दोष बव्हंशी कायम राहतो. कठीण लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात. अश्रूंचा अपवर्तनांक कॉर्नियाच्या जवळपास असल्याने खाचखळगे प्रकाशाच्या दृष्टीने जणू बुजतात आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या या लेन्सना आरजीपी लेन्स म्हणतात. चष्म्याच्या दुकानांत त्या ‘सेमी-सॉफ्ट’ नावानेही ओळखल्या जातात.

बसवण्याची प्रक्रिया

प्रथम टोपोग्राफी यंत्राने कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढला जातो. आधीपासून लेन्स वापरणाऱ्यांना या तपासणीपूर्वी काही दिवस ती बंद ठेवण्यास सांगतात, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. नकाशावरून पहिली चाचणी-लेन्स निवडली जाते; मात्र अंतिम निर्णय ती प्रत्यक्ष डोळ्यावर कशी बसते यावरच होतो.

लेन्स घातल्यावर प्रथम डोळ्यातून पाणी येते. ते थांबून लेन्स स्थिरावण्यास सुमारे २० ते ३० मिनिटे द्यावी लागतात. त्यानंतर डोळ्यात फ्लुरेसिन हा रंग घालून निळ्या प्रकाशात निरीक्षण करतात. जेथे अश्रू साठले असतील तेथे हिरवी चमक दिसते. जेथे लेन्स टेकली असेल तो भाग काळसर दिसतो. लेन्स फार सपाट असेल तर तिचा भार शंकूच्या टोकावर पडतो आणि कालांतराने तेथे व्रण उमटू शकतो. ती फार खोलगट असेल तर मधे हवेचा बुडबुडा अडकतो आणि अश्रूंची ये-जा थांबते. म्हणून टोकाला अगदी हलका स्पर्श आणि उरलेला भार कडेच्या भागावर, अशी विभागणी साधतात. पापणी मिटताच लेन्स किंचित सरकते ना, हेही पाहिले जाते. शेवटी लेन्सवरून नंबर तपासून तिची शक्ती ठरते. एकाच भेटीत हे सारे जमेलच असे नाही. दोन-तीन लेन्स बदलाव्या लागणे हे अपयश नव्हे.

शंकू फार वाढला असेल किंवा लेन्स सोसवत नसेल तर स्क्लेरल लेन्सचा पर्याय असतो. आकाराने मोठी असलेली ही लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. तिच्यात परिरक्षकविरहित सलाइन भरूनच ती घालतात, त्यामुळे कॉर्नियाला तिचा स्पर्श होत नाही. या कल्पनेचे मूळ जुने आहे: १८८८ मध्ये पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनी केराटोकोनसच्या रुग्णांवर काचेच्या लेन्सचा प्रयोग केला होता.

लेन्स म्हणजे उपचार नव्हे

लेन्स दृष्टी सुधारते, विकाराची वाढ रोखत नाही. ती रोखण्यासाठी रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाला बळकटी देणारी ‘क्रॉस-लिंकिंग’ प्रक्रिया केली जाते. तिच्यानंतरही स्पष्ट दिसण्यासाठी लेन्स लागू शकते. म्हणून लेन्सने उत्तम दिसू लागले तरी नियतकालिक टोपोग्राफी टाळू नये. डोळे चोळण्याची सवय सोडणे आणि ॲलर्जीवर उपचार घेणेही तितकेच आवश्यक आहे.

लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये. पाण्यातील अकॅन्थअमिबा या सूक्ष्मजीवामुळे कॉर्नियाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. डोळा लाल होणे, दुखणे किंवा अचानक अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास लेन्स काढून तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे. विकार फार पुढे गेलेल्या काही रुग्णांना कॉर्निया प्रत्यारोपण करावे लागते. मात्र योग्य बसलेल्या लेन्समुळे अनेकांना ते टाळता किंवा लांबणीवर टाकता येते.